दहावीचा रमजान

आमच्या मन्याडच्या खोऱ्यात मार्च महिना करडईचा. करडई काट्याची. दिवस वर आला की काटे कडक होतात, बोंडं फुटून दाणा मातीत सांडतो, म्हणून ती पहाटेच्या गारव्यातच काढायची. हाताला जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळून बायका अंधारातच रानात जायच्या आणि नऊ-दहाच्या सुमाराला परत यायच्या. दहावीची परीक्षाही ह्याच महिन्यात. त्यामुळं ज्या घरात दहावीचं लेकरू, त्या घरची माय पेपरच्या दिवशी त्याला वाटं लावायला बहुतेक घरी नसायचीच. ती रानातूनच हात जोडायची.

हात कुणाकडं जोडायचे, ते ज्याच्या त्याच्या घरावर. कुणाचं माळेगावच्या खंडोबाला बोललेलं असायचं, कुणाचं माहूरच्या रेणुकामायला. कंधारच्या हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्याला मात्र सगळ्याच आळ्यांतली माणसं जायची. बाजाराला गेलेला माणूस येताना दर्ग्यातली शिरणी आणायचा आणि पोरांच्या हातावर चिमूट-चिमूट ठेवायचा. ती चिमूट खाल्ली की अभ्यास न केलेल्या पोरालाही जरा धीर यायचा.

गावात आमची मुसलमानांची सात-आठ घरं होती. मशीद म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं फरशीचा ओटा. आम्ही उंबऱ्याच्या आत दखनी बोलायचो आणि उंबरा ओलांडला की मराठी. अब्बा पिंजारी. दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत गाद्या भरायचं काम असायचं, पुढं सगळा भार अम्माच्या मजुरीवर. अब्बाला सही येत होती. अम्माला तीही येत नव्हती.

मगरिबची नमाज सुटायच्या वेळेला मशिदीच्या ओट्याखाली बायका उभ्या असायच्या. कुणाच्या कडेवर रडकं लेकरू, कुणाच्या हातात पाण्याचा तांब्या. बाहेर पडणारे नमाजी लेकराच्या तोंडावर, पाण्यावर फुंक मारत जायचे. त्या बायकांत आमच्या घरच्या दोन असल्या तर बाकीच्या दहा गावातल्या इतर जातींच्या. ह्यात कुणाला नवल वाटायचं नाही. मार्च लागला की ह्या रांगेत थोडा फरक पडायचा. लेकरांच्या जोडीला पेनं यायची. कुणी कंपास आणायचं, कुणी हॉलतिकीट. एका बाईनं तर पोराचा पाण्याचा थर्मास आणला होता, तिन्ही तास त्यातलंच पाणी पिईल म्हणून. मौलाना हसायचे, पण कुणाला परत पाठवायचे नाहीत. फुंक मारून झाली की हमखास विचारायचे, "पढता है ना?" बाई घाईघाईनं सांगायची, "वाचायलाय जी, रातध्याड वाचायलाय." पोरगा मागं उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा.

आमच्यात लेकराच्या शिक्षणाची सुरुवातच दुआनं होते. चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की त्याची बिस्मिल्ला करतात. नवे कपडे, डोक्यावर टोपी, समोर पाटी किंवा कायदा. मौलाना म्हणतील ते बोबड्या जिभेनं म्हणायचं आणि नंतर लाडू वाटायचे. ते लेकरू शाळेत कितवीपर्यंत जाईल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. पण कुराणाचा पहिला उतरलेला शब्द 'वाच' असा आहे, ही गोष्ट त्या दिवशी घरातल्या न वाचता येणाऱ्या माणसांनाही कुणीतरी सांगतंच. माझी बिस्मिल्ला झाली, तशी माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आपाचीही झाली होती. लाडू दोन्ही वेळेला सारखेच वाटले होते.

मी दहावीला बसलो ते १९९२ साल. त्या वर्षी मार्चच्या पहिल्याच आठवड्यात रमजान लागला. चांद्रवर्ष आपल्या वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडं सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी फिरून त्याच महिन्यात येतो. आमच्या वाट्याला रमजान, करडई आणि बोर्डाचा पेपर, तिन्ही एकदम आलं.

रोजा धरायचा की नाही, हा घरात प्रश्न झाला. अब्बाचं म्हणणं, पोराला तीन तास लिहायचंय, उपाशी कसं लिहील? अम्मा काहीच बोलली नाही. अब्बानं मौलानांना विचारलं. ते म्हणाले, आजाऱ्याला सूट आहे, मुसाफिराला सूट आहे. राहिलेले रोजे दोघांनी नंतर भरून काढायचे. पण मुसाफिर म्हणजे अठ्ठेचाळीस मैलांच्या पुढं जाणारा. तुमचं केंद्र इथून किती? अब्बानं सांगितलं, नऊ किलोमीटर. मौलाना हसले. म्हणाले, "सूट तर नाही. पण जीव खालीवर व्हायला लागला तर रोजा सोडायचा, जिद करायची नाही. एक रोजा नंतर ठेवता येतो." मग मीच म्हणालो, धरतो. ह्यात फार मोठा धर्मभाव होता असं नाही. रोजेदाराची इफ्तारच्या वेळची दुआ परत फिरत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. गणिताची भीती मोठी होती आणि मला ती दुआ पाहिजे होती.

रमजानानं एक काम मात्र चोख केलं. अभ्यासाला उठवलं. पहाटे साडेतीन-चारला फकीरबाबा डफ वाजवत गल्लीतून जायचा आणि एकेका घराचं नाव घेऊन हाक मारायचा. सहेरीचा वेळ फार तर तास-दीड तासाचा. त्यात अम्मा भाकरी थापायची, आणि चुलीच्या उजेडात नि कंदिलाच्या उजेडात मी पुस्तक घेऊन बसायचो. लाइट त्या वेळेला कधी असायची, बहुतेकदा नसायची. आमच्या भिंतीला भिंत लागून एका मराठ्याचं घर होतं. त्यांचा पोरगाही माझ्याच वर्गात. दोन-चार दिवसांनी त्याची आई फकीरबाबाला म्हणाली, "बाबा, आमच्या बी दाराशी जरा जोरात वाजवत जावा. ह्ये लेकरू उठंना गेलंय." मग फकीरबाबा त्यांच्या दारापुढं उभं राहून ओरडायचा, "उठ रे बाळा, सहेरी नसली तर नसली, अभ्यास तर है!" पुढं ईदीला ती माउली त्याच्या झोळीत पायलीभर ज्वारी घालून आली. म्हणाली, त्याच्या हाकेनं माझं लेकरू उठलं, मग त्याला नको का द्यायला?

अम्माकडं एक पंजसुरा होता. तिच्या माहेरून आलेला, कापडात गुंडाळून वळचणीच्या फळीवर ठेवलेला. पंजसुऱ्यात कुराणातल्या निवडक सुरा असतात आणि मागच्या पानांवर निरनिराळ्या गरजांच्या दुआ. प्रवासाला निघताना, आजारपणात, कर्ज फिटावं म्हणून, अशा. अम्माला वाचता येत नव्हतं, पण दोन-तीन दुआ तिला तोंडपाठ होत्या, तिच्या आईकडून ऐकून. त्यातली एक ती रोज प्रत्येक नमाजेनंतर माझ्यासाठी म्हणायची. अरबीत. अर्थ तिला माहीत नव्हता. ही इम्तिहानची दुआ आहे, एवढंच माहीत होतं. पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता म्हणून ते पानही तिला ओळखू यायचं.

मौलाना उर्दू वाचायचे, पण त्यांच्यापुढं जाऊन बसायला अम्माला संकोच वाटायचा. गावात उर्दू वाचणारं आणखी एक माणूस होतं, आमचे पटवारी आबा. जातीनं ब्राह्मण. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातल्या सरकारी शाळांतून उर्दूतच शिकावं लागायचं. कोर्ट, कचेरी, जमिनीचे कागद, सगळं उर्दूत. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, हळूहळू शाळा-कचेऱ्यांची भाषा बदलली, आणि आबांसारख्या माणसांचं उर्दू जुन्या कागदांपुरतं उरलं. कुणाचा जमिनीचा वाद निघाला, पेटीतून पिवळा कागद निघाला, की माणसं आबांकडं यायची. आमच्या जातीतल्या माझ्या वयाच्या एकाही पोराला उर्दू येत नव्हतं. आम्ही सगळे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतले.

पेपर सुरू व्हायच्या दोन दिवस आधी अम्मा पंजसुरा घेऊन आबांच्या ओट्यावर गेली. मी आणि आपा मागं. अम्मा म्हणाली, "आबा, ह्येच्यात काय लिवलंय तेवढं सांगा की. रोज म्हणायले मी, पर कळत नाही काय म्हणायले."

आबांनी पुस्तक हातात घेतलं नाही. आधी उठले, हातपाय धुतले, चूळ भरली, चष्मा पुसला आणि मग मांडीवर स्वच्छ पंचा टाकून त्यावर पुस्तक ठेवलं. म्हणाले, "अरबी मला येत नाही, माय. वर झेर-झबर दिलेत, पण उगंच चुकीचं वाचून पाप नको. खालचं उर्दू सांगतो."

वर मथळा होता, 'इम्तिहान में कामयाबी की दुआ'. त्याखाली दोन दुआ. पहिली अगदी लहान. आबांनी ती दोनदा वाचली, मग म्हणाले, "ह्यात एवढंच म्हटलंय की देवा, माझं ज्ञान वाढव."

अम्मा म्हणाली, "आणि?"

"आणि काही नाही."

"पास कर म्हणून?"

"मथळ्यात हाय की. आत नाही."

अम्मा जरा वेळ गप्प बसली. इतकी वर्षं जे मागितलं ते आपण समजत होतो त्याहून निराळंच निघालं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मग तिनं विचारलं, "मग पास व्हायचं कुणाकडं मागायचं?" आबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "ह्याच्याकडं माग. ज्ञान देव वाढवील, पुस्तक त्यालाच उघडावं लागतं."

दुसरी दुआ मोठी होती. ती सुरा ताहामधली, हजरत मूसांची. तिचा मागचा किस्सा अम्माला माहीत होता, आणि आता आबांना सांगायची पाळी तिची आली. मूसा तान्हे असताना फिरऔनच्या महालात वाढत होते. हे लेकरू समजून वागतंय की न समजता, ते बघायला फिरऔननं त्यांच्यापुढं एका ताटात जवाहीर आणि एका ताटात निखारे ठेवले. लेकरानं निखारा उचलून तोंडात घातला. जीव वाचला, पण जीभ पोळली, आणि तेव्हापासून बोलताना अडखळायचे. पुढं अल्लानं त्यांनाच फिरऔनपुढं जाऊन बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी ही दुआ मागितली. आबा खालचं उर्दू बघत म्हणाले, "बरोबर हाय तुझं. छाती मोकळी कर, काम सोपं कर, जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझं बोलणं कळंल. असं मागितलंय."

जिभेची गाठ म्हणजे काय, हे मला चांगलं कळत होतं. घरची भाषा एक आणि पेपरची दुसरी. वर्गात मोठ्यानं धडा वाचताना मध्येच दखनी हेल यायचा आणि पोरं हसायची. मराठी लिहिताना 'ळ' कुठं आणि 'ल' कुठं, ह्यात हात थांबायचा. इतक्या जुन्या काळी, इतक्या मोठ्या माणसानंही आधी हेच मागितलं होतं, हे ऐकून मला त्या ओट्यावर फार बरं वाटलं.

आबा पुस्तक मिटता मिटता थांबले. "अगं, पुढं अजून हाय. सोबत मागितलीय त्यानं. माझ्याच घरातला माणूस जोडीला दे, माझ्या भावाला दे, हारूनला, त्यानं माझा हात बळकट होईल, म्हणायलाय." मग आमच्याकडं बघून विचारलं, "तुमच्यात हारून कोण?"

मला भाऊ नव्हता. आपा खांबाला टेकून उभी होती. आबा म्हणाले, "बहीण बी चालती."

आपा सातवीपर्यंत शिकली होती. गावात शाळा तेवढीच. पुढं हायस्कूल चार किलोमीटरवर, वाट नाल्यातून आणि उसाच्या फडाकडंनं. एस.टी. आमच्या फाट्याला दिवसातून दोनदा यायची आणि शाळेच्या वेळेला कधीच यायची नाही. त्या वर्षी सातवी झालेल्या गावातल्या एकाही पोरीला आठवीला घातलं नाही, कुठल्याच जातीच्या. आपाला शाळेतून काढायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. जून आला, पोरं गेली, ती राहिली. आमच्यात सांगतात की इल्म मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे, बाई असो की बापा. मौलाना शुक्रवारी हे सांगायचे तेव्हा माना सगळ्यांच्या हलायच्या. पण त्या चार किलोमीटरांचं काय करायचं, हे कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या सहेरीपासून अम्मानं आपाला माझ्या पुढ्यात बसवलं. "पूछ इसकू," म्हणाली. आपा पुस्तक हातात धरायची आणि मला प्रश्न विचारायची. इतिहासाच्या सनावळ्या, भूगोलातल्या नद्या, विज्ञानाच्या व्याख्या. मी अडलो की ती उत्तर वाचून दाखवायची आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारायची. आठ-दहा दिवसांत असं झालं की तिला पुस्तक बघावं लागेना. भाकरी थापता थापता विचारायची आणि मी चुकलो की तव्यावरून नजर न हलवता "हां, फिर बोल" म्हणायची. तिचा इतिहास माझ्याहून पक्का झाला होता. तासाभरानं अम्मा आणि ती दोघी हाताला चिंध्या गुंडाळून करडईला जायच्या, रोजानं. मी नऊ किलोमीटर सायकल मारत पेपरला.

केंद्राचं नाव कशाला घ्यावं? त्या काळी आमच्या भागातल्या कितीतरी केंद्रांवर जे चालायचं तेच तिथं चालायचं. खिडक्यांना माणसं लोंबकळलेली, कंपाउंडवर पाव्हणे-रावळे चढलेले, कागदाच्या गोळ्या आत येतायत. भरारी पथकाची जीप दिसली की सगळे उसात. बीजगणिताच्या आदल्या दिवशी आमच्या नात्यातले एक मामू इफ्तारला आले होते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि टरबुजाची फोड खात खात ते अब्बाला म्हणाले, "कल की फिकर नको करो. मैं खिडकी पो रैता. चिठ्ठी अंदर पहुंचाता."

अब्बा काही बोलायच्या आत अम्मा म्हणाली, "भाई, ये रोजे से है. मुंह में रोजा और खीसे में चिठ्ठी? आधा रोजा कोन कबूल करता?"

मामू म्हणाले, सगळेच करतात. अम्मा म्हणाली, "सब का रोजा नै है."

मामूंनी डाळ संपवली. दुसऱ्या दिवशी ते केंद्रावर आलेच, पण झाडाखाली बसून राहिले आणि पेपर सुटल्यावर माझी सायकल त्यांनीच गावापर्यंत मारली, मी मागं बसून. माझं तोंड उन्हानं आणि तहानेनं सुकलं होतं. वाटेत म्हणाले, "तेरी अम्मा बहोत सखत औरत है." त्यात राग नव्हता.

मी अम्माला दुआ मागताना रोज बघत होतो, पण ऐकलं ते एकदाच. भूमितीच्या आदल्या रात्री. तरावीह झाली होती, अब्बा झोपले होते. अम्मा जानमाजवर बसलेली. आधी अरबी म्हणून झालं. आमच्यात नमाज अरबीतच, पण नमाजेनंतर हात पसरून जे मागायचं ते आपल्या बोलीत मागता येतं. अम्मा दखनीत पुटपुटत होती. आबांनी अर्थ सांगितल्यापासून तिचं मागणं बदललं होतं. पास कर, नंबर काढ, असं काही नाही. "जो पढ्या सो इसकू याद रैन दे. इसका हात कांपन दे नको. कागद सामने आया तो दिल घबरान दे नको." मग जरा थांबली. मला वाटलं झालं. मग म्हणाली, "और उसका बी कुछ कर, मेरे मौला."

'उसका' म्हणजे कुणाचं, ते सांगायला लागत नव्हतं. आपा तिकडं तोंड करून पडली होती. झोपली होती की नाही, मला माहीत नाही.

सकाळी मी अम्माला म्हणालो, तू रात्री एवढा वेळ बसतेस, परत चारला उठतेस, रानात जातेस. झोप की जरा. ती म्हणाली, "मैं पढ नै सकती. मांगना तो आता मेरेकू." पुढं मी डी.एड. केलं, शिक्षक झालो, पालकांच्या कितीतरी बैठका घेतल्या. 'पालकांनी पाल्याच्या अभ्यासात लक्ष घालावं' हे वाक्य मी स्वतः शंभरदा बोललो असेन. पण दुआ म्हणजे नेमकं काय, हे मला त्या एका वाक्यानं कळलं. ज्या माउलीला प्रश्नपत्रिका उलटी धरली की सुलटी हे कळत नाही, तिनं लक्ष कुठून घालायचं? तिनं आपला वाटा असा उचलला होता.

निकाल जूनमध्ये लागला. मी सेकंड क्लासात पास, शेजारचा पोरगा फर्स्ट क्लासात. आबांना पेढा द्यायला गेलो तर त्यांनी आधी विचारलं, "हारूनला दिलास का?" दिला नव्हता. तिथून उठून घरी आलो आणि आपाच्या हातात पेढा ठेवला. तिनं अर्धा मोडून मला दिला आणि धुण्याला गेली.

दोन वर्षांनी आपाचं लग्न झालं, लातूर जिल्ह्यात, चाकूरकडं. तेव्हा लातूरचं नाव आमच्याकडं फार गाजायला लागलं होतं. राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत तिथली पोरं, सुट्टीतही तास, सराव परीक्षांवर सराव परीक्षा. लोक त्याला लातूर पॅटर्न म्हणायचे. आपा त्या जिल्ह्यात गेली ती शिकायला नाही, नांदायला. पण तिथलं वारं तिला लागलं असावं. तिनं एक गोष्ट पहिल्यापासून धरून ठेवली. थोरल्या दोन पोरांची शिक्षणं बेताचीच झाली, धाकटी पोरगी मात्र हुशार निघाली. दहावीनंतर तिला लातूरला ठेवायचं ठरलं तेव्हा घरात कुरकुर झाली. एकटी पोर कशी राहील? आपा म्हणाली, मी जाते सोबत. आणि दोन वर्षं ती लातुरात खोली करून राहिली.

लातूरच्या ट्यूशन एरियात अशा कितीतरी माया राहतात. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडच्या. दहा बाय बाराची खोली, गॅसची शेगडी, भिंतीला आवर्त सारणी चिकटवलेली. लेकरू क्लासला गेलं की ह्या बायका भाजीच्या गाड्यावर भेटतात आणि एकमेकींच्या लेकरांचे टेस्टचे गुण विचारतात. कुणी सिद्धेश्वराला जाते, कुणी गुरुवारी पटेल चौकातल्या सुरत शहावली दर्ग्यात. दर्ग्यात मी पाठीला दप्तर लावलेली पोरं-पोरी उभ्या बघितल्यात, क्लासच्या वाटेवर दोन मिनिटं थांबलेल्या. त्यातलं कोण कुठल्या धर्माचं, हे बघून कळत नाही.

२०२५ साली रमजान २ मार्चला लागला. माझ्या दहावीला बरोबर तेहतीस वर्षं झाली होती. भाचीचे बारावीचे शेवटचे पेपर त्यात आले आणि पुढं ४ मेची नीट. त्या रमजानात मी एक रात्र त्यांच्या खोलीवर मुक्कामाला होतो. सहेरीला उठवायला तिथं फकीरबाबा नाही, मोबाइलचा गजर. आपाच्या उशाशी पंजसुरा होता, आता देवनागरीत छापलेला, खाली मराठी अर्थ. दुआ झाली, आणि आपानं भाचीच्या हातातून प्रश्नसंच ओढून घेतला. आत सगळं इंग्रजी. आपाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण उत्तरसूची तिच्या हातात. भाची म्हणायची, "सत्तेचाळीस, बी." आपा बोट ठेवून बघायची. "नै. सी है." मग भाची कपाळाला हात लावून पुन्हा गणित मांडायची, आणि आपा शेगडीवरचा तवा उतरवत म्हणायची, "हां, फिर बोल."

भाचीला एम.बी.बी.एस.ला लागतील एवढे गुण पडले नाहीत. तिनं बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेतला आणि त्यात ती खूश आहे. मला वाटलं होतं आपा खट्टू होईल. फोनवर तसं बोललोही. ती म्हणाली, "मैं कब बोली थी नंबर दे करके? इल्म मांगी थी. वो लगी है पढने कू." मग जरा घुटमळून म्हणाली, एक सांगायचंय, हसू नको. भाचीनं तिचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. बाहेरून दहावी. सातवीचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला आपा आमच्या गावच्या शाळेत स्वतः जाऊन आली होती. एकावन्नाव्या वर्षी. भाची सुट्टीला आली की तिला बीजगणित सांगते. इतिहासाचं काही सांगावं लागत नाही म्हणे, अजून पुष्कळ पाठ आहे.

पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये आहेत, आणि रमजान फेब्रुवारीच्या मध्यापुढंच लागतोय. म्हणजे रोजे आणि पेपर पुन्हा एकदम. अम्मा आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहे. माझ्याजवळ असते, डोळ्यांनी कमी दिसतं. मी तिला ही बातमी सांगितली तर तिनं आधी दोनदा विचारलं, कोण बसतंय म्हणून. कळलं तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी मला हाक मारून म्हणाली, "पर्चे कब सुरू हैं, तारीख पूछ उसकू. कौन-से दिन कौन-सा पर्चा, सब लिख के ला. मेरेकू उसके हिसाब से मांगना पडता."